नरसाळ्यावरचं नाव

"मागं सरका."

कुणी काडीपेटी हातात घेतली, की आप्पांच्या तोंडून हे निघालंच म्हणून समजा. हॉटेलातला स्टोव्ह असो, लग्नातला फटाका असो, नाहीतर देवापुढचा कापूर. डावा हात आडवा धरून ते सगळ्यांना मागं लोटायचे. त्या हाताची बोटं जळून एकमेकांना चिकटलेली. येरमाळ्यात त्यांच्या शेजारीच माझी पिठाची गिरणी. मी परसात चूल पेटवली तरी म्हातारा भिंतीवरून ओरडायचा. लई राग यायचा हो मला.

"आप्पा, चुलीनं काय गाव जळतंय व्हय?"

"गाव न्हाय, माणूस जळतंय."

असा एखादा म्हातारा तुमच्याही गल्लीत असेल, ज्याचं बोलणं लोक थापा म्हणूनच ऐकतात. आप्पा इंजिनियर. तरुणपणी लांब दक्षिणेला, समुद्राकाठी, रॉकेटं बनवायच्या कामावर होतो म्हणायचे. पारावर लोक पोट धरून हसायचे. "आप्पा, चंद्रावर सोयाबीन येतंय का?" तेही हसायचे. एका दिवशी मात्र हसले नाहीत, माझ्या गिरणीत येऊन बसले आणि सगळं सांगून टाकलं.

तिथं अँटनी नावाचा त्यांचा जोडीदार होता. रॉकेटचं इंधन परदेशातून कशाला आणायचं, इथंच कालवू, हे डोकं त्याचं. पहिली चाचणी जमली. पुढचा घाणा कालवताना तो वाकून बघायला गेला आणि भडका उडाला. आप्पांनी ओढून काढलं, तोवर ओढण्यासारखं फार उरलं नव्हतं. पुढं त्याच इंधनासाठी हारतुरे झाले, भाषणं झाली. अँटनीचं नाव कुणी घेतलं नाही.

आप्पा नोकरी सोडून गावी आले. येताना पहिल्या चाचणीतलं, आग जिथून बाहेर पडते ते पोलादी नरसाळं मागून आणलं. त्यावर छिन्नीनं अँटनीचं नाव कोरलं आणि रस्त्याकडच्या ओट्यावर सिमेंटात पालथं बसवलं.

"येणारा-जाणारा वाचंल, इचारंल," म्हणाले.

विचारतंय कोण! चैत्राच्या जत्रेत एका बाईनं त्याला हळदकुंकू वाहिलं. पालथं नरसाळं, हुबेहूब देवीच्या तांदळ्यासारखं, बिनघडीव गोल दगडासारखं दिसायचं. मग तेल आलं, शेंदूर आला, नारळ आले.

"अवं बायांनो, ही देवी न्हाय! ह्यातनं आग निघत हुती!" आप्पा जीव तोडून सांगायचे.

आग निघत होती म्हटल्यावर तर काय, नवसच सुरू झाले.

रोज सकाळी आप्पा खराट्याची काडी घेऊन अक्षरांतला शेंदूर कोरत बसायचे. मला आधी हसू यायचं. मग बघवेना. अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांनी ती काडी माझ्या हातात दिली.

"तायडे, देव म्हणू दे त्यास्नी. नाव तेवढं उघडं ठेव."

म्हातारा रडत होता. मी काडी पदराला खोचली.

आप्पा गेले. आम्हा लिंगायतांत मढं जाळत नाहीत, बसवून पुरतात. जन्मभर आगीला भ्यालेल्या माणसाला काडी लागली नाही, एवढंच काय ते बरं झालं.

माती देऊन आल्यावर मी ओट्यावर काडी घेऊन बसले, तर बाया धावत आल्या.

"देवीला खरडतीस व्हय गं? गावावर कोप आणतीस का?"

मी तोंडाला येईल ते बोलले. त्यांनी काडी मोडून टाकली, आणि बरेच दिवस माझ्या गिरणीकडं दळण फिरकलं नाही. आता वर पत्रा आहे, घंटा आहे, वर्गणी देणाऱ्यांची ठसठशीत नावं आहेत. शेंदराचा थर बोटभर चढलाय.

परवा गल्लीतली एक नवी सून तेलाची वाटी घेऊन आली. एकटीच होती. मी तिचा हात धरला.

"बाई, ह्याच्याखाली एक नाव हाय. अँटनी."

मग सगळं सांगितलं. भडक्याचं सांगितलं, आप्पांच्या बोटांचं सांगितलं. पोरीनं सगळं ऐकून घेतलं. डोळे भरून आले तिचे.

पदरानं डोळे पुसले, हात जोडले आणि तिनं वाटी त्या शेंदरावर उपडी केली.