वाडीला न गेलेला निरोप

काका गेल्याचा फोन सकाळी मुलुंडहून आला. गावकीच्या नात्याने काका. आम्ही दोघंही कोकणातल्या एकाच खालच्या वाडीतले. मुंबईतल्या गिरण्या बंद पडल्यावर गिरणगावात एकत्र राहणारी वाडीची माणसं मालाड, कुर्ला, घाटकोपर अशी विखुरली, पण एक रीत टिकली. वाडीतला माणूस गेला की पहिला खांदा वाडीकरांनीच द्यायचा. काका त्यासाठी कुठेही धावून जायचे.

निरोप पोचवायचं काम माझ्याकडे. त्यासाठी मी पर्ल या संगणकभाषेत एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. गावाच्या मुंबईतल्या मंडळाच्या यादीत प्रत्येक ओळीवर नाव, नंबर आणि शेवटी वाडी. ज्याची वाडी गेलेल्या माणसाच्या वाडीशी जुळेल त्याला मेसेज. म्हाताऱ्यांकडे साधे फोन, म्हणून एसएमएस. कांजूरमार्गच्या घरी तो चालवला, हार घेतला, निघाले.

मुलुंडला फक्त शेजारी बसले होते. काकांना अंघोळ घालून झाली होती. त्यांचा मुलगा हळूच म्हणाला, "ताई, कळवलंस ना? भटजी घाई करतायत. बिल्डिंगवाले म्हणतायत, आम्ही देतो खांदा."

काकीने मान वर केली नाही. "आपल्या वाडीतलो एकय माणूस इलो नाय गे?"

मी गॅलरीत लॅपटॉप उघडला. एकही मेसेज गेला नव्हता. यादी तर ठीक दिसत होती. मग एरवी न दिसणारी चिन्हं दाखवायला लावली, तर प्रत्येक ओळीच्या टोकाला एक जास्तीचं चिन्ह. मंडळाच्या सेक्रेटरींनी यादी नव्याने टाइप केली होती, विंडोजवर. विंडोज ओळ संपवताना दोन चिन्हं टाकतं, माझ्या लॅपटॉपवरचं लिनक्स एकच. पर्लने सवयीप्रमाणे शेवटचं कापलं. उरलेलं वाडीच्या नावाला चिकटून राहिलं आणि कुणाचीच वाडी जुळली नाही. दोन्ही चिन्हं काढणारी एक ओळ प्रोग्रॅममध्ये घातली, पुन्हा चालवला.

आत फडताळावर फोन वाजला. काकांचा. यादीत तेही होतेच.

काकीने फोन घेतला, पदराने पुसला आणि त्यांच्या उशाशी ठेवला. "वायच थांब," ती मुलाला म्हणाली.

कुर्ल्याचे आधी आले, मग घाटकोपरचे. मालाडचे कामाच्या कपड्यांतच आले. काकीने एकेकाकडे पाहून घेतलं.

"इलास," ती म्हणाली. "आता उचला त्येंका."