कोबी न खाणाऱ्याचा खटला

लव्हडे ट्रेगियर यांनी तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांच्या ताटात बटाटे वाढले. निवृत्त झाल्यावर त्या मॅजिस्ट्रेट झाल्या, बिनपगारी; आमच्याकडे छोटे खटले असे साधे लोकच चालवतात. आमच्या गावचं कोर्ट बंद झाल्यापासून दोन बस बदलून या शहरातल्या कोर्टात येतात. पिशवीत थर्मास आणि शाल, कारण खोल्या गरम ठेवणारा इथला बॉयलर नेमका थंडीत रजेवर जातो. मी याच कोर्टात काळा झगा घालून पुकारा करते, आणि छत गळायला लागलं की बादल्या मांडते.

त्या मंगळवारी शाळेच्या गाडीचा ड्रायव्हर डेन्झिल अँगोव्ह याचा खटला होता. गाडी मागे घेताना त्याने कुणाच्या तरी फाटकाचा खांब पाडला, असा आरोप. निकाल लागेपर्यंत गाडीला हात लावायचा नाही, असं शाळेने त्याला बजावलेलं. सव्वा वर्ष तो घरी बसून होता. पहिली तारीख बॉयलरने खाल्ली, दुसरीला फाइल हरवली, तिसरीला मॅजिस्ट्रेटच पुरे पडले नाहीत.

"दोषी ठरवा नाहीतर सोडा," तो दाराशी मला म्हणाला, "पण आज ठरवा बाई. बायको म्हणते, एक तर तू घरात राहशील नाहीतर मी."

खटल्याला किमान दोन मॅजिस्ट्रेट लागतात. तिसऱ्या आजारी, म्हणून त्या दिवशी दोघंच: लव्हडेबाई आणि दातांचे निवृत्त डॉक्टर क्लेमो.

मी पुकारा केला. डेन्झिल उभा राहिला, घाम पुसला, रुमालाची घडी केली, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच खिशात सरकवली.

लव्हडेबाईंचं पेन थांबलं. मुलं त्यांच्या लक्षात नावाने नाही, ताटात काय उरलं त्यावरून राहायची.

"अरे देवा," त्या पुटपुटल्या. "हा तर कोबीवाला."

क्लेमो वाकले. "कोण?"

"कोबी रुमालात गुंडाळून खिशात घालायचा. मी ओळखते याला."

"पंचवीस वर्षं झाली असतील, लव्हडे. आता दाढी आहे त्याला. गप्प बस ना."

"ओळख सांगावीच लागते. आणि मी उठले तर तुम्ही एकटे. म्हणजे पुढची तारीख."

"म्हणून तर म्हणतो."

लव्हडेबाईंनी एकदा डेन्झिलकडे पाहिलं, मग चष्मा काढून ठेवला. "कोर्टाला सांगायचंय. आरोपीला मी शाळेत जेवण वाढायचे."

कायद्याच्या सल्लागार मिस बोलिथोंनी मान खाली घातली. सरकारी वकिलाने पुढच्या तारखेसाठी डायरीच उघडली. मग बोलिथो उठल्या. "कुणाची हरकत आहे का?"

सरकारी वकील म्हणाला, नाही. उरला डेन्झिल. तो टक लावून बघत होता.

"तुम्ही त्या? मला पाऊण तास बसवून ठेवलं होतं, आठवतं?"

"ताट संपवलं नव्हतंस."

"हेडमास्तरांच्या पोरालाही बसवलं होतं म्हणा. शेजारीच." त्याने मान हलवली. "नाही. माझी हरकत नाही."

खटला तासाभरात आटोपला. फोटोत पडलेला खांब स्पष्ट दिसत होता आणि आरसा पाहिलाच नाही, हे डेन्झिलने स्वतःच सांगून टाकलं. दोषी. दंड, आणि परवान्यावर तीन दंडगुण. परवाना शाबूत. इतका खूश झालेला दोषी मी पाहिलेला नाही.

"म्हणजे परवा गाडी काढू?"

"ते शाळेला विचारायचं," लव्हडेबाई म्हणाल्या. "आणि मागे घेताना आरसा बघायचा."

"हो बाई." दाराशी जाऊन तो वळला. "कोबी अजून खात नाही मी."

बाईंनी चष्मा चढवला.

"कोर्टाने नोंद घेतली आहे. पुढचा पुकारा."