लंडनची ट्रायल

हसणार नसाल तर सांगतो. तुम्ही हसणारच म्हणा, आमच्या कोल्हापुरात, मंगळवार पेठेत, अजून हसतात. पण निदान चहा संपेपर्यंत तरी दम धरा.

मी साखर कारखान्यात टाइमकीपर होतो. आख्खी नोकरी घड्याळाकडं बघण्यात गेली. दोन मिनिटं उशिरा आलेल्या माणसाला मी गेटवर उभा करायचो, मग तो माझा सख्खा मेहुणा का असेना. रिटायर झालो आणि लंडनला नोकरी करणाऱ्या पोराचा, सतीशचा, फोन आला. मेमध्ये या म्हणाला, इथं उन्हाळा छान असतो, मी चार दिवस रजा टाकतो आणि तुम्हाला लंडन दाखवतो.

झालं! गोव्याच्या पलीकडं कधी न गेलेला माणूस मी. व्हिसा झाला, एजंटाकडून तिकिटं हातात आली, आणि मी बाजारातून मोठा ड्रॉइंग पेपर आणून चार दिवसांचं वेळापत्रक आखायला बसलो. सतीश फोनवर म्हणाला, बाबा, दिवसाला दोन ठिकाणं पुष्कळ झाली. माझं डोकंच फिरलं. दोन ठिकाणं तर आम्ही गारगोटीला लग्नाला जाताना वाटेत बघतो. त्यासाठी विमान कशाला पाहिजे?

मी दिवसाला नऊ बसवली. म्युझियम दहा ते पावणेअकरा. राजवाडा अकरा ते अकरा वीस. मोठं चर्च वीस मिनिटं, मोठं घड्याळ चार मिनिटं. आता घड्याळ बघायला माणसाला किती वेळ लागतो, तुम्हीच सांगा.

कागद भिंतीला लावला. माझ्या बायकोनं, शालननं, चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचला, पुन्हा वरपासून वाचला.

"अवो, ह्यात बसायचं कुठं हाय?"

मी म्हटलं, बसायला घर आहे की आपलं.

"मग मी घरातच बसतो. तुमी या जाऊन."

मला वाटलं रागानं बोलली, संध्याकाळपर्यंत विसरेल. कसलं काय! बॅगेत भरलेल्या साड्या काढून तिनं परत कपाटात ठेवल्या. माझे गुडघे काय सायकलीचे पायडल न्हाईत, म्हणाली. सतीशला कळवलं तर तो माझ्यावरच उखडला. आई येणार नसेल तर तुम्हीही येऊ नका, मी तिच्यासाठी रजा टाकलीय, म्हणाला. म्हणजे तिकिटं कपाटात, साड्या कपाटात, आणि मी कपाटासमोर.

आता कारखान्यात काय करतात? गळीत हंगाम सुरू व्हायच्या आधी यंत्रांची ट्रायल घेतात. मी शालनला म्हटलं, पहिल्या दिवसाचं वेळापत्रक जसंच्या तसं कोल्हापुरात करून दाखवतो. जमलं तर तू मुकाट्यानं लंडनला यायचं. नाही जमलं तर कागद तुझ्या हातात.

"चालतंय की," ती म्हणाली. एवढ्या लगेच कशी तयार झाली, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता.

पहिल्या दिवशी विमानातून उतरून घरी न जाता थेट म्युझियम गाठायचं, असं माझ्या कागदावर होतं. म्हणजे बॅग बरोबर घ्यायची. तिकडं उन्हाळ्यातही सकाळी गारठा असतो, असं सतीश म्हणाला होता. म्हणजे स्वेटर आणि कानटोपी. ट्रायल म्हणजे ट्रायल, तिथं मी सूट देत नसतो. तर मे महिन्यात सकाळी नऊ वाजता मी स्वेटर, कानटोपी आणि नवे पांढरे बूट घालून, हातात ही मोठी बॅग घेऊन दारात आलो. मागनं शालन, साध्या सुती साडीत, हातात कापडी पिशवी. स्वेटरला तिनं हात लावला नव्हता.

समोर बापू पेपर वाचत बसलेला. बापू म्हणजे आमच्या गल्लीतल्या तरुण मंडळाचा अध्यक्ष, वय वर्षं पंचावन्न. त्यानं बॅग बघितली आणि पेपर टाकून उठला.

"आण्णा, निघालासा व्हय? आनि सांगितलं न्हाय?"

मी तोंड उघडेपर्यंत त्यानं सगळी गल्ली गोळा केली. त्याची बायको ओवाळायला ताट घेऊन आली. कुणी नारळ फोडला. मारुतीसाठी आणलेला हार कुणीतरी माझ्या गळ्यात घातला. आणि मंडळानं गुपचूप तयार करून ठेवलेला बोर्ड बाहेर आला. आम्हा दोघांचे फोटो, मागं विमान, आणि खाली 'परदेश दौऱ्यास हार्दिक शुभेच्छा'.

शालननं बरगडीत कोपर मारलं. "सांगा की खरं काय ते."

सांगायला पाहिजे होतं, कबूल. पण खरं सांगू? टाइमकीपरला जन्मभर शिव्याच मिळतात. त्या दिवशी पहिल्यांदा कुणी हार घातला होता, तो मला सोडवेना. त्यात वेळापत्रक चार मिनिटं मागं पडलेलं. 'आल्यावर बोलू' म्हणून मी हात जोडले आणि रिक्षात बसलो. गल्लीनं टाळ्या वाजवल्या. स्टँडला न्हवं, रिक्षावाल्यानं विचारलं. मी हळूच म्हटलं, न्यू पॅलेस.

न्यू पॅलेसमधलं म्युझियम म्हणजे आमचं लंडनचं म्युझियम. ते पळत पळत उरकलं. राजवाड्याच्या जागी भवानी मंडप धरला होता, तोही बॅग ओढत उरकला. चर्चच्या जागी अंबाबाईचं देऊळ. तिथं कागदावर वीस मिनिटं होती आणि रांग निघाली सव्वा तासाची! मग बस येईना. ऊन असं की डांबर बुटाला चिकटतंय, आणि अंगात स्वेटर. शालन मात्र जिथं थांबू तिथं पायरी बघून बसायची, पिशवीतली काकडी काढून खायची, शेजारच्या बाईला माहेर विचारायची. रंकाळा तळ्यावर पोचलो तेव्हा दोन वाजले होते. नऊपैकी तीन ठिकाणं झाली होती, आणि मला दोन दोन रंकाळे दिसत होते.

तिनंच मला बाकावर आडवा केला. स्वेटर काढला, डोक्यावर ओला रुमाल ठेवला, लिंबू सोडा पाजला. मी बॅग उशाला घेऊन जो झोपलो, ते थेट पाच वाजता डोळे उघडले. समोर बापू उभा. हातात भेळ. त्यानं बॅग बघितली, ओला रुमाल बघितला, गळ्यातला सुकलेला हार बघितला. त्याचे डोळे भरून आले.

"आण्णा, फसवलं व्हय कुणी?"

झोपेत माझी जीभ वळेना. शालनला हसू आवरेना, म्हणून तिनं तोंडाला पदर लावला. बापूला वाटलं ती रडतेय.

"वैनी, रडू नगासा. मी बघतो त्या एजंटाकडं," म्हणून तो गाडीला किक मारून गेलासुद्धा.

आम्ही घरी आलो तर गल्ली चिडीचूप. बोर्ड भिंतीकडं तोंड करून ठेवलेला. शेजारच्या काकू पिठलं-भाकरी घेऊन आल्या, माणूस गेलेल्या घरी आणतात तसं. तेवढ्यात बापू मंडळाच्या सहा जणांना घेऊन आला. मधे आमचा तिकिटाचा एजंट, बिचारा घामाघूम. त्यानं खिशातून तिकिटाची झेरॉक्स काढली.

"आण्णा, तुमचं विमान पुढच्या मंगळवारी हाय. तुमी आजच कुठं गेलतासा?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. आता पळणार कुठं?

"ट्रायल घेत होतो," मी म्हटलं.

"कशाची?" बापू.

"लंडनची."

"कुठं?"

"रंकाळ्यावर."

मग स्वयंपाकघरातून शालनचं हसू ऐकू आलं, आणि सगळी गल्ली फुटली. तो एजंटसुद्धा भिंतीला टेकून हसत होता. मला तर जमीन पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर भिंतीवरच्या कागदावर नुसत्या लाल रेघा. दिवसाला एकच ठिकाण ठेवलेलं, आणि पुढं शालनच्या अक्षरात, चारही दिवस, 'बसणे'. साड्या परत बॅगेत. मी कागद भिंतीवरून काढून तिच्या हातात दिला.

मंगळवारी खरोखर निघालो तेव्हा एकही दार उघडलं नाही. रिक्षावाला नेमका तोच. मीटर पाडून त्यानं मागं न बघताच विचारलं, "न्यू पॅलेस न्हवं?"

लंडन मात्र झकास झालं. कागद शालनच्या हातात होता. रोज एक ठिकाण बघायचं आणि मग तळ्याकाठच्या बागेत बाकावर बसायचं. आई इतकी निवांत बसलेली मी कधी बघितली नव्हती, सतीश म्हणाला. आणि तुम्हाला म्हणून सांगतो, तिसऱ्या दिवसापासून बाक आधी मीच शोधायचो.

परत आल्यावर मोठ्या ऐटीत अल्बम घेऊन बापूकडं गेलो. म्हटलं, बघ आता. त्यानं पहिल्यापासून शेवटपर्यंत फोटो बघितले. तळं, बाक, आम्ही दोघं, माझ्या डोक्यावर रुमाल. पुन्हा तळं, पुन्हा बाक. त्यानं अल्बम मिटला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"आण्णा, ही दुसरी ट्रायल कधी घेतलीसा?"