बोका आणि गोमूत्राची बाटली

आमच्या बोक्याला घरभर मुतायची सवय मी लावली. सुरुवात त्याची होती हे खरं, पण पुढे ते नेटानं चालू ठेवलं ते मी. तेव्हा मी बासष्ट वर्षांची होते. कोवळं वय. त्या वयात बाईला वाटतं आपल्याला सगळं कळतं, आणि कुणी काही सांगायला लागलं की आपण मान डोलावत भलताच विचार करत बसतो. आता नातू मांडीवर बसून माझ्याच गालाच्या सुरकुत्या ओढतो, तेव्हा लाज फारशी उरलेली नाही. म्हणून सांगते.

बोका सुनेनं आणला. लग्नाला अजून वर्ष झालं नव्हतं. सून सावनेरची, नोकरी कळमन्याच्या धान्यबाजाराजवळ एका बँकेत. स्वभावानं अबोल. आमच्या घरात सगळेच एका वेळी बोलतात, त्यामुळे एक माणूस बोलतच नाही हे लक्षात यायलाच मला बरेच महिने लागले. एका संध्याकाळी ती ओढणीत काहीतरी गुंडाळून घरात आली. मला वाटलं संत्री असतील, मी परात पुढे केली. ओढणीतून एक फाटका कान बाहेर आला.

चांगला जाणता बोका होता. धान्याच्या पोत्यांमागे राहणारा, हातगाडीखाली पाय सापडलेला. तोंड असं की बाजारातल्या सगळ्या मारामाऱ्या त्यावर वाचता याव्यात. सून दारातच उभी राहून म्हणाली, "आई, पाय बरा होईपर्यंत ठेवू का याले?"

या घरात आल्यापासून तिनं मागितलेली ती पहिली गोष्ट. साडी नाही, माहेरी जायची परवानगी नाही, एक लंगडा बोका. मी म्हटलं, ठेव. यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. हे म्हणजे माझे यजमान. ते आतून विचारत होते की कोण आलं, आणि चहा टाकला का.

पाय बरा झाला. बोका गेला नाही, आणि पायाचा विषयही कुणी काढला नाही. सकाळी यांच्या पोटावर बसून तो पेपर वाचू द्यायचा नाही, दुपारी माझ्या शिवणयंत्राखाली झोपायचा, संध्याकाळी सुनेच्या गाडीचा आवाज फाटकाशी आला की लंगडत पुढे. सगळं ठीक चाललं होतं. मग अंगात बळ आल्यावर त्यानं घर ताब्यात घ्यायचं ठरवलं.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. सुनेनं आणलेल्या वाळूच्या ट्रेमध्ये बोका बसून मुतला, तर ते मुतणं. पण भिंतीला पाठ करून उभा राहिला, शेपूट सरळ वर, आणि ती शेपूट आरती ओवाळल्यासारखी थरथरायला लागली, की समजावं, सही होते आहे. पडद्यावर सही, सोफ्याच्या कडेला सही, चपलांच्या कपाटावर सही. यांच्या नव्या चपलांवर झाली तेव्हा हे म्हणाले की मी रिटायर झालो तेव्हा ऑफिसातसुद्धा माझ्या जागेवर इतक्या लवकर कुणी हक्क सांगितला नव्हता.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे आम्ही तिघं गेलो, सून, मी आणि टोपलीत बोका. त्यांनी लघवी तपासली, आजार काही नव्हता. मग नसबंदी केली. ते ऐकून आमचे हे इतके हळवे झाले की दोन दिवस बोक्याच्या नजरेला नजर देईनात. माझ्या वाटणीची साय मात्र त्याला घालत होते. ऑपरेशन झालं तरी सवय जायला काही आठवडे लागतात, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. त्यांनी अजूनही बरंच सांगितलं. रागावू नका, मारू नका. फिनाईल वापरू नका. जिथं करतो ती जागा आम्ही देतो त्याच औषधानं पुसा. आणि घरात दुसऱ्या कुठल्याही जनावराचा वास राहू देऊ नका, आला की तो आपला वास त्याच्यावर चढवणारच.

हे सगळं सुनेनं ऐकलं. बासष्ट वर्षांची ती शहाणी बाई शेजारच्या बाकावरच्या पोपटाशी बोलत होती. पोपट प्रत्येकाला "कोण पाहिजे" असं विचारायचा, आणि मी त्याला खरं उत्तर देत होते.

घरी आल्यावर सून नेमानं कामाला लागली. सकाळी सगळे उठायच्या आत गुडघ्यांवर बसून डॉक्टरीणबाईंच्या औषधानं एकेक कोपरा पुसायची. खिडकीतून बाहेरचा एक पांढरा बोका दिसायचा म्हणून तिनं काचेला खालून कागद चिकटवला. जिथं तो जास्त करायचा तिथंच त्याची जेवायची वाटी ठेवली, कारण जेवतो तिथं तो करत नाही. आणि मग आंघोळ करून, डबा घेऊन, ती ऑफिसला जायची.

ती गेली की मी निघायचे.

माझ्या आईकडे सुतक फिटलं, ग्रहण सुटलं, की घरभर गोमूत्र शिंपडायचे. तुळशीचं पान बुडवायचं आणि कोपऱ्याकोपऱ्यात चार थेंब. माझ्या घरातही देवघरात गोमूत्राची बाटली असते. मला वाटलं, बोक्यानं बाटवलेलं घर नुसत्या औषधानं काय शुद्ध होणार. पण सुनेला वाईट वाटायला नको, म्हणून मी हे गुपचूप करायचे. त्यात मला माझा मोठेपणा दिसायचा. ती जिथं जिथं पुसून गेली असेल, तिथं तिथं मी तुळशीच्या पानानं मोठ्या भक्तिभावानं शिंपडायचे. एकही जागा सोडत नव्हते.

आणि बोकाही एकही जागा सोडत नव्हता.

कमी व्हायचं ते वाढलं. सून हिरमुसली. एकदा पहाटे पाणी प्यायला उठले तर ती सोफ्यामागे बसून त्याला विचारत होती, "काहून करतं गा असं? आता मले ठेवू देतील का तुले?" मी आल्या पावली परत गेले. आणि त्या दिवशी थोडं जास्तच शिंपडलं. मदत म्हणून.

मार्च लागला. लेक तसा बोलायला मऊ, पण नाक माझ्यावर गेलंय. जेवताना त्यानं सांगून टाकलं की कूलर लावायच्या आत हे थांबलं तर ठीक, नाहीतर बोका परत कळमन्याला. तिथं उंदीर काय कमी आहेत, मजेत राहील. सुनेनं ताटातली पोळी तशीच घडी करून ठेवली. मी म्हटलं, थांबेल रे, थोडा धीर धर. आणि मनात ठरवलं की आता जोर वाढवायचा.

बाहेर राहणाऱ्यांना कूलरचं महत्त्व कळायचं नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात माणसं घरात राहत नाहीत, कूलरसमोर राहतात. आमचा कूलर बैठकीच्या खिडकीला लागून, जाळी लावलेल्या व्हरांड्यात. लेकानं कूलरच्या बाजूंना वाळ्याच्या नव्या ताट्या आणून बसवल्या. पाणी भरून संध्याकाळी सुरू करायचा होता. दुपारी माझ्या डोक्यात आलं की इथं अजून त्यानं काही केलेलं नाही, तर आपण आधीच शिंपडून ठेवू. मग तो या बाजूला फिरकणारच नाही.

तुळशीचं पान, बाटली, ताटीवर चार थेंब. चार कशाला, नवी ताटी म्हणून हात सैल सोडला. मागे वळते तर बोका शिवणयंत्राखालून उठून आलेला. सरळ ताटीजवळ गेला. वास घेतला. वरचा ओठ असा मुडपला जसा कुणी शिळं वरण पुढे ठेवलंय. मग वळला, पाठ केली, शेपूट वर, आणि आरती.

बरोबर माझ्या थेंबांवर.

मी बाटली हातात घेऊन तिथंच स्टुलावर बसले. त्याच्या नाकाला ते गोमूत्र पवित्र वगैरे काही नव्हतं. कुणीतरी आगंतुक रोज दुपारी येऊन त्याच्या प्रत्येक सहीवर आपली सही करून जात होतं, आणि तो बिचारा रोज नव्यानं आपलं घर परत मिळवत होता. आम्ही दोघं कितीतरी आठवडे एकमेकांची हद्द पुसत होतो.

इथं तरी बाईनं शहाणं व्हावं की नाही? तर नाही. तिनं बाटली लपवली आणि बादलीभर पाणी ताटीवर ओतलं. गेला वास, असं म्हणून चहा टाकला.

संध्याकाळी लेकानं कूलर सुरू केला. पहिल्या हवेला वाळ्याचा थंड वास येतो, त्यासाठी आम्ही सगळे रांगेनं बसलो होतो. हे तर डोळे मिटून. आली हवा. सगळी बैठक सहीच्या वासानं भरून गेली, पडद्यापासून देवघरापर्यंत. यांनी डोळे उघडले. लेक उठला, कूलर बंद केला आणि म्हणाला, "बस झालं. उद्या सकाळी याले कळमन्याले सोडून येतो."

सून उठून आत गेली आणि ओढणी घेऊन आली. तीच, ज्यात त्याला आणलं होतं. बोक्याला उचलून म्हणाली की तुम्ही नका जाऊ, मीच नेते, माझ्याजवळ तो घाबरत नाही. तिचा आवाज अगदी सरळ होता. बोका तिच्या खांद्यावर तोंड ठेवून माझ्याकडे बघत होता. त्याला बोलता येत नव्हतं ही माझ्यावर देवाची केवढी कृपा, पण मलाही ते बघवेना. मी देवघरातून बाटली आणून लेकाच्या पुढ्यात ठेवली आणि सगळं सांगितलं. सुरुवातीपासून, पोपटासकट.

आधी हे हसायला लागले, इतके की खोकला आला. लेक डोकं धरून बसला. बोक्याचं पुढे काय, हे त्याला कुणी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही. ओढणी परत खुंटीला गेली.

मी शिंपडणं थांबवलं. सुनेचं पुसणं चालू राहिलं, आता दिवसाढवळ्या, आणि सोबत मी. आठवड्यागणिक त्याच्या सह्या कमी होत गेल्या आणि पावसाळ्यापर्यंत थांबल्या. आता तो म्हातारा झालाय. नातू शेपूट ओढतो तरी नुसता उसासा टाकतो.

पण त्या संध्याकाळचं एक सांगायचं राहिलं. आम्ही दोघी अंगणात नळाखाली ताटी धूत होतो. मी घासत होते, सून पाणी ओतत होती. मी खाली मान घालून. मग सून बादली खाली ठेवून म्हणाली, "मी पुसून राहिली, तुम्ही शिंपडून राहिल्या, अन् त्या बिचाऱ्याले वाटे का घरात दुसरा बोका आला. आई, आधी सांगितलं असतं तर तुमच्यासाठी बी एक वाळूचा ट्रे आणला असता."