टेस्टिंगमधून बाबांना गेलेला मेसेज

जॉब हलवायचे ते शुक्रवारी, आणि तेही तर्री-पोहे पोटात गेल्यावरच, असा आमच्या नागपूरच्या ऑफिसातला अलिखित कायदा. जॉब म्हणजे एका ठिकाणची माहिती उचलून, निवडून-पाखडून दुसरीकडे टाकणारे प्रोग्रॅम. ते डेव्हलपमेंटमध्ये तयार करायचे, मग टेस्टिंगमध्ये न्यायचे. सोबत मेटाडेटाही न्यायचा, म्हणजे माहिती कुठून घ्यायची, कुठे टाकायची, काय बंद ठेवायचं, ते सगळं.

आमचा क्लायंट संत्री खरेदी करणारी कंपनी. चाचणीसाठी शेतकरी लागायचे. खोटी नावं शोधायचा कंटाळा, म्हणून जो तो घरचीच माणसं भरायचा, मोबाइल नंबरासकट. उमरेडला हातमागावर बसणारे एका सहकाऱ्याचे मामा आमच्याकडे मोठे बागायतदार होते! मी अर्थातच बाबांना घातलं. ते खरेच शेतकरी, काटोलला आमची बाग, आणि माल याच कंपनीला जायचा.

त्या शुक्रवारी जॉब गेले, मेटाडेटा अर्धा मागेच राहिला. नवरी सासरी, बॅगा माहेरी! चाचणीत शेतकऱ्यांना जाणारे मेसेज बंद ठेवायची सेटिंगही त्यातच अडकली. आणि टेस्टरनं नेमका 'तुमचा माल नाकारला' असं शेतकऱ्यांना कळवायचा जॉब चालवला.

पहिला फोन उमरेडच्या मामांचा. भाच्यानं स्पीकर लावला. "काहून बे, माल नाकारला म्हणते! मी कधी संत्रा लावला?"

सगळे खो खो हसले. मीही हसले, आणि एकदम बाबा आठवले. बाबांचा आंबिया बहाराचा सगळा माल त्याच दिवशी निघायचा होता. नाकारला म्हटल्यावर ते दलालाला मातीमोल भावानं देऊन मोकळे झाले असते.

फोन उचलतील तर ते बाबा कसले! बागेत गेले की फोन घरी खुंटीला. जळो मेला तो फोन! शेवटी शेजारच्या काकूंना बागेत पिटाळलं, तेव्हा कुठे काकूंच्या फोनवर बाबा आले.

"बाबा, माल देऊन टाकला काय?"

"नाही वं. मेसेज घरी वाचला अन् दलालाला घेऊनच बागेत आलो, भाव ठरून राहिला."

"देऊ नका! तो मेसेज खोटा हाय, आमचीच गलती झाली."

बाबांनी तिथूनच दलालाला थांबायला सांगितलं. मग म्हणाले, "तरीच! फळ तर चांगलं हाय. पण तू तिथं हायेस ना वं, म्हणून म्हटलं, खरंच असन."

मागून टेस्टर ओरडला, "मेसेज सगळ्यांना पोचले! जॉब पास!"

डोंबलाचा पास!