हरतालिकेचा कोरडा चमचा

गावातल्या गणपती मंडळानं माझा सत्कार ठरवला आणि आमच्या घरात आईच्या पोलक्याचा प्रश्न उभा राहिला. पदवी मिळवणारी घरातली मी पहिली. स्टेजवर माझ्यासोबत आईलाही बोलावणार होते, आणि तिला लग्नातलीच हिरवी साडी आणि तिच्यावरचं तेच पोलकं घालायचं होतं. पोलकं ट्रंकेत होतं तेवढंच राहिलं होतं, आई मात्र वाढली होती.

मुरुम गावची मावशी महिनाभर आधीच एक डबा घेऊन राहायला आली. डब्यावर एक सडपातळ बाई स्वतःच्या जुन्या ढगळ पँटमध्ये उभी राहून हसत होती.

"अक्का, रोज एक चमचा घे. पोट भरल्यागत वाटतंय, भूकच लागत न्हाय."

मी मागची बारीक अक्षरं वाचली. जवळजवळ सगळी इसबगोलाची भुशी, वर संत्र्याचा वास.

"हे तर पोट साफ व्हायला घेतात तेच की!" आई म्हणाली. "मग ह्याच्यावर ही बाई कशाला छापली?"

मी सायन्सची. चुलीपाशीच उभी राहून अख्खं लेक्चर दिलं. हे तंतू पचत नाहीत, पाणी शोषून फुगतात, म्हणून चार घास कमी जातात. पोट साफ राहतं, जेवल्यावर साखर एकदम चढत नाही. वजन मात्र त्यानं थोडंच हलतं. सोबत मोठा ग्लासभर पाणी हवंच. आणि आईची थायरॉईडची गोळी काही तास लांब ठेवायची, नाहीतर ती अंगी लागत नाही. दोघी शाळेतल्या मुलींसारख्या माना डोलवत होत्या. माझं शिक्षण आमच्या स्वयंपाकघरात पहिल्यांदाच ऐकलं जात होतं. मला इतका आनंद झाला की मी तेच पुन्हा एकदा सांगितलं!

पहिला आठवडा आईच्या पोटातल्या वायूचा. बाबा ओसरीवरून ओरडायचे, "मंडळाला सांगा, यंदा ढोल आपल्या घरचाच हाय!" आई हसून हसून आणखी वाजायची. मग पोट निवलं, दुसरी भाकरी आपोआप सुटली, पोलक्याचे वरचे हुक लागायला लागले. खालचे दोन हटून बसले होते.

सत्कार गणपती बसायच्या संध्याकाळी, म्हणजे त्याच्या आदल्या दिवशी हरतालिका. आईचा उपवास निर्जळी, पाण्याचा थेंबही नाही. दुपारी मावशी डबा घेऊन आईजवळ सरकली.

"अक्का, ह्यात धान्य न्हाय, मीठ न्हाय. उपवासाला चालतंय की. शेवटचा चमचा मार, उद्या हुक लागतेत."

"आन् पाणी?"

"पाणी पिलीस तर उपवास मोडंल न्हवं?"

माझ्या लेक्चरमध्ये उपवास आलाच नव्हता. मी बाहेर वाळूची पिंड करत होते, तेवढ्यात खोकला ऐकू आला. आत आईचे डोळे मोठे झालेले, हात गळ्यावर. मी तिला पुढं वाकवून पाठीवर थापा मारल्या. एक केशरी गोळा बाहेर पडला, पण "अजून अडकल्यागत वाटतंय" म्हणाली. बाबांनी मोटारसायकल काढली, मध्ये आई, मागं मी. वाटभर ती बजावत होती, "पाणी पिणार न्हाय, आधीच सांगून ठेवते!"

डॉक्टरांनी घसा पाहिला, छाती तपासली. अडकलेलं तोवर खाली गेलं होतं.

"कोरडी भुशी घशातच फुगते, बाई. थोडक्यात वाचलात. आता माझ्यासमोर पाणी प्या."

"डॉक्टरसाहेब, आज हरतालिका हाय."

"माझी बायकोपण उपाशीच आहे. पण तिनं भुशी खाल्ली नाही."

बाबा खो खो हसले. आईनं डोळे मिटले, महादेवाला हात जोडले आणि पेला घोटघोट रिकामा केला. "पोरीचा सत्कार बघायला जित्तं तर राहू," असं म्हणाली आणि स्वतःच फिसकन हसली.

घरी मावशी सुई घेऊन बसलीच होती. शिंप्यानं लग्नाच्या वेळी पोलक्याच्या आत बक्कळ कापड सोडलेलं. तिनं दोन्ही बाजू उसवून घेतल्या आणि सगळे हुक लागले! आई आरशासमोर गोल फिरली, मावशीही फिरली, मीही.

दुसऱ्या दिवशी मात्र पुरण होतं, मोदक होते, आणि आईनं उपवासाची पुरेपूर वसुली केली. संध्याकाळी स्टेजवर पाहुणे माझ्या खांद्यावर शाल घालताना आई कानात कुजबुजली, "ती शाल लवकर इकडं दे. खालचा हुक गेला."

आमच्या भिंतीवरच्या फोटोत पाहुणे गंभीर उभे आहेत. शाल आईच्या अंगावर आहे, आणि आम्ही दोघी तोंडं उघडी टाकून हसतोय.