बाईंना ऐकवलेली सिंफनी

कोथरूडहून हडपसरला कंपनीच्या बसने जायला सव्वा तास लागतो. रस्ता खणलेला असला तर दोन तास, आणि रस्ता खणलेलाच असतो. या दोन तासांत मला सिंफनीचं वेड लागलं.

सुरुवात चारचौघांसारखी, भिंतीवर तसबिरी लागतात अशा दोघा-तिघा संगीतकारांपासून झाली. मग मी त्यांच्या शेजारपाजारच्यांकडे वळले. एकोणिसाव्या शतकात युरोपात कितीतरी माणसं दिवसभर शिकवण्या करून, चर्चमध्ये ऑर्गन वाजवून उरल्या वेळात सिंफनी लिहीत. साठ-सत्तर वादकांसाठी चार भागांची रचना, ती एकदा वाजायची आणि कपाटात जायची. अशा माणसांचा मला फार लळा आहे. त्यातल्या एकाने तर मला वेडच लावलं. त्याचं नाव मी ऑफिसात सांगितलं, तेव्हा शेजारणीला ते खोकल्याच्या औषधाचं वाटलं.

एका मोफत संग्रहातून मी त्याची एक सिंफनी फोनवर उतरवून घेतली आणि वर्षभर ऐकली. गंमत म्हणजे ती थेट आपल्या मैफलीसारखी होती. आधी संथ भाग, अगदी विलंबित. मग द्रुत, त्यानंतर आणखी जोरकस, आणि शेवटी ठुमरी म्हणावी असं काहीतरी हलकंफुलकं. हा माणूस मागच्या जन्मी आपल्याकडचा असणार, असं मी लोकांना बिनदिक्कत सांगत असे.

आता बाईंना हे ऐकवणं भाग होतं. बाई आमच्याच सोसायटीत राहतात, वय ऐंशीच्या पुढे. लहानपणी मी त्यांच्याकडे सहा वर्षं गाणं शिकले. शिकण्याचं सातवं वर्ष लागलं तेव्हा त्या माझ्यादेखत आईला म्हणाल्या, "हिला गळा नाही. कान आहे. ऐकू दे तिला." गळ्याचं दुःख मी गिळलं आणि कानाचा अभिमान आजतागायत मिरवते आहे. दर रविवारी सकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये बाईंचं श्रवणाचं मंडळ भरतं. दहा-बारा माणसं येतात, आणि फक्त रागदारी लागते.

मी विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, "इंग्रजी?"

"जर्मन आहे, बाई."

"तेच ते." मग जरा थांबून, "एक रविवार देते. नाही पटलं तर मी उठेन. बाकीचे माझ्यामागे उठतील, त्याला माझा इलाज नाही."

त्या रविवारी मी विलंबित आणि द्रुतवर छोटंसं भाषणही ठोकलं. मग सिंफनी लावली आणि चाळीस मिनिटं एकट्या बाईंकडे बघत बसले. त्या डोळे मिटून बसल्या होत्या. दुसऱ्या भागात त्यांच्या कपाळावर आठी आली. तिसरा भाग मोठ्या थाटात संपला आणि चौथा सुरू झाला, तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

संपल्यावर त्या म्हणाल्या, "या माणसाने आधी निरोप घेतला आणि मग परत येऊन उड्या मारल्या. असं कोण करतं?"

मी म्हटलं, "ती ठुमरी, बाई."

"आणि ती एक सुरावट, सारखी परत येणारी. दुसऱ्या भागात तो तिची ओळख करून देतो. पहिल्या भागात मात्र ती जुन्या ओळखीची असल्यासारखी येऊन बसते. तू हे नीट लावलं आहेस का?"

मी फोन बघितला. चार फायली, चार भागांची चार नावं: संथ तो अडाजिओ, द्रुत तो आलेग्रो, शेवटचा तो फिनाले, खेळकर तो स्केर्त्सो. इंग्रजी ए, ए, एफ, एस. फोनने त्या वर्णानुक्रमाने लावल्या होत्या आणि मी त्यात मैफल शोधली होती. सगळ्यांसमोर मी ते कबूल केलं. मागून कुणीतरी फिसकन हसलं. बाईंनी दिलेली एकुलती एक पदवी आता बाईच परत घेणार, या विचाराने माझे कान तापले.

बाईंनी पर्समधून फोन काढला आणि सुनेला सांगितलं, "वरण इतक्यात गरम करू नकोस, मला उशीर होईल." मग माझ्याकडे वळून, "लाव. पहिल्यापासून."

जेवायची वेळ होत आली होती, तरी कुणी उठलं नाही. या वेळी द्रुत भाग आधी होता, आणि त्यात ती सुरावट आली, नवखी, जरा बुजलेली. मग संथ भाग लागला. तो मला पाठ होता. पण त्यात ती हळूच परत आली, तेव्हा मला वर्षभरात पहिल्यांदा कळलं की इथे कुणीतरी काहीतरी आठवतं आहे. मला इतका आनंद झाला की डोळे भरून आले, आणि मी ते पुसलेही नाहीत. शेजारी बाई मांडीवर बोट टेकवून बसल्या होत्या. ठेका सापडत नव्हता, तरी बोट हलत होतं.

शेवटचा भाग संपला, आणि आता तो खरंच संपला.

"याच्या अजून किती आहेत?" बाईंनी विचारलं.

"तीन."

"मग पुढचे तीन रविवार तुझे," काठी घेऊन उठत त्या म्हणाल्या. "भाषण मात्र नको."